पळसाच्या फांदीवरून गिटारच्या पेटीवर

फाल्गुन लागला की हिंगोली जिल्ह्यात साखऱ्यासारख्या गावांच्या बांधांवर, माळांवर पळस पेटल्यासारखा फुलतो. पानांच्या पत्रावळी होतात, फुलांचा रंग होतो. आपली पळसाशी ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते. पण याच झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसला जातो आणि त्या लाखेचे दोन पातळ हात अमेरिकन घाटाच्या गिटार ॲम्प्लिफायरला जुन्या काळचा मधाळ रंग देतात.

हा घाट कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये तिथे कंपनी काढली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ॲम्प्लिफायरच्या पेट्यांना प्रवासी बॅगांचे कापड चढवायला सुरुवात केली. पाइनच्या फळ्या दाते पाडून सांधायच्या आणि वर हे कापड चिकटवायचे. त्याला ‘ट्वीड’ म्हणत असले तरी ते लोकरीचे नव्हे; तिरक्या विणीचे सुती कापड, आपल्या ड्रिलच्या जातीचे. त्यावर मारलेले लॅकर वर्षे लोटली तसे पिवळे पडले. हातांचा मळ आणि क्लबमधला सिगारेटचा धूर त्यात मुरला. १९६० च्या सुमारास हे कापड मागे पडून त्याजागी रेक्झिनसारखे आवरण आले. पण तोवर या पेट्यांचे नाव झाले होते. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प्लिफायर बनवला, तो फेंडरच्या ‘बासमन’ची मंडल रचना समोर ठेवूनच.

आज कोणी तशीच पेटी नव्याने केली, तर कापड कोऱ्या पोत्यासारखे फिकट दिसते. तिथे चपडा लाख कामाला येते.

लाखेचा किडा झाडाचा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. पळस, बोर, कुसुम ही त्याची आवडती झाडे. झारखंड, छत्तीसगड आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात ही लाख फांद्यांवरून खरवडून काढतात. धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे ताणले आणि मोडले की झाला चपडा. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर उतरला, त्यांतही लाख होती. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्दसुद्धा मुळात आपल्या ‘लाक्षे’चाच.

काम साधे आहे, पण घाई चालत नाही. आधी मूठ, जाळीचे कापड, नावाची पट्टी काढून ठेवायची. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा, एवढे पातळ मिश्रण पहिल्या हाताला पुरते. ते रात्रभर मुरू द्यायचे आणि फडक्यातून गाळून घ्यायचे. स्पिरिट भडकन पेट घेते, तेव्हा जवळपास शेगडी किंवा विडी नको. मिश्रण जुने असेल तर थेंबभर फरशीवर टाकून बघावे. तासाभरानेही चिकट लागले, तर ते कापडावर कधीच नीट वाळणार नाही.

खरी कसोटी ब्रश फिरवताना लागते. स्पिरिट मिनिटात उडते आणि वाळलेल्या कडेवर ब्रश पुन्हा गेला की तिथे गडद पट्टा उमटतो. तो नंतर पुसता येत नाही. म्हणून एक बाजू एका दमात, कड ओली असतानाच पुरी करायची. आधी उरलेल्या तुकड्यावर हात मारून रंग पाहिल्याशिवाय पेटीला हात लावूच नये. पहिल्या हाताने कापड गव्हाळ होते, दुसऱ्याने मधासारखे. विणीतले धागे घट्ट बसतात आणि कोपऱ्यावरच्या दशा सुटत नाहीत. वर पॉलियुरेथेन मारायचे असेल, तर मेण काढलेली लाख घ्यावी. मेणावर ते नीट धरत नाही.

हाच चपडा मिरजेत तंबोऱ्यावर चढतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर बोळ्याने भोपळ्यावर हात फिरवतो, तेव्हा लाकडाचा आणि भोपळ्याचा रंग जसा आतून उजळतो, तसाच या कापडाचा पोत लाखेखाली उजळतो. झाकून न टाकता उजळवणारे असे पॉलिश दुसरे सापडणे कठीण.

लाखेला पाण्याचे मात्र वावडे. पाणी साचून राहिले की पांढरा डाग पडतो आणि दमट हवेत मारलेला हात दुधाळ होतो. लग्नाच्या वरातीत, पावसापाण्यात फिरणाऱ्या साउंडच्या पेट्यांना म्हणूनच रेक्झिनच बरे. घरात वाजणाऱ्या गिटारच्या पेटीला कापड आणि लाख शोभते आणि ते काम करायचे तर पळस फुललेला असतो त्याच दिवसांत, कोरड्या हवेत, पावसाळ्याच्या कितीतरी आधी.