तिकिटांवरील अर्वाचीन चर्चवास्तू

टपालाचे तिकीट हे कोणत्याही राष्ट्राचे सर्वांत स्वस्त चित्रदालन होय. ज्या इमारतीचा लोकांना अभिमान वाटतो, तीच तिकिटावर चढते. आणि प्रवाशाला जी घरी दाखवावीशी वाटते, तिचे चित्रकार्ड निघते. म्हणूनच एकच विषय धरून संग्रह केला, तर पलसाण्यात बसल्या बसल्या जगाच्या आवडीनिवडीचा अंदाज येतो. प्रस्तुत लेखकाने चर्चवास्तूंचा विषय धरला, आणि तोही जुन्या नव्हे, तर काँक्रीटच्या युगातील चर्चचा.

चर्च म्हटले की टोकदार मनोरा, उंच कमानी व रंगीत काचा असे चित्र आपल्या मनात उभे राहते. परंतु धर्म आणि आकार यांची गाठ इतकी पक्की कधीच नव्हती. आपल्या सुरतेतच कतारगाम दरवाज्यालगतच्या इंग्रजी दफनभूमीत ऑक्झेंडेन बंधूंची सतराव्या शतकातील समाधी पाहावी. आत ख्रिस्ती माणसे विसावली आहेत आणि वर घुमट मात्र मोगली धाटणीचे!

संग्रहातील मानाचे पान फ्रान्समधील राँशां येथील टेकडीवरच्या प्रार्थनामंदिराचे आहे. तेथील जुने देऊळ १९४४ साली युद्धात उद्ध्वस्त झाले. नवे बांधण्यासाठी ल कॉर्बूझिए यास पाचारण करण्यात आले. हाच तो वास्तुशिल्पी, ज्याने चंदीगड आखले व अहमदाबादेस गिरणीमालक संघाची इमारत उभारली. स्वतः तो धर्मनिष्ठ नव्हता, व प्रथम त्याने हे काम नाकारलेही होते. पुढे त्याने जे उभे केले, ते २५ जून १९५५ रोजी उपासनेसाठी खुले झाले. छपराचा आकार त्याला खेकड्याच्या कवचावरून सुचला. हे छप्पर काँक्रीटच्या दोन पातळ कवचांचे असून मधे पोकळी आहे. ते भिंतींवर टेकलेले दिसते खरे, पण त्याचा भार भिंतींत दडवलेले खांब वाहतात. भिंत व छप्पर यांमध्ये सुमारे १० सेंटिमीटरची फट मुद्दाम ठेवली आहे. तीतून उजेडाची रेघ आत येते आणि एवढे जड छप्पर अधांतरी भासते. भिंतींच्या भरावात पाडावाचे दगडही वापरले आहेत. बाहेर पूर्वेस उघड्यावर वेदी आहे, कारण यात्रेच्या दिवशी सर्व भाविक आत मावत नाहीत. आपल्याकडील जत्रेच्या देवस्थानांना ही अडचण नवी नाही.

या वास्तूचे तिकीट फ्रान्सने १९६०च्या दशकात काढले. ते कोरीव ठशाचे आहे. जुन्या चर्चच्या नक्षीत कोरणाऱ्याला रेषांचे भरपूर काम मिळते. येथे पांढरी सपाट भिंत! तेव्हा सावलीच्या बारीक रेघांनीच सारी गोलाई दाखवावी लागते. भिंग लावून पाहिल्यास ही कारागिरी मोठी मजेची वाटते.

बर्लिनच्या तिकिटामागे मात्र एक भांडण आहे. कैसर विल्हेल्म स्मारक चर्च १९४३च्या बाँबहल्ल्यात भग्न झाले. एगोन आयरमान यांच्या आराखड्यात उरलेला मनोराही पाडावयाचा होता. नागरिकांनी गहजब केला. अखेर भग्न मनोरा तसाच राखून त्याच्या शेजारी निळ्या काचांचे अष्टकोनी चर्च उभे राहिले व डिसेंबर १९६१ मध्ये खुले झाले. पश्चिम बर्लिनच्या टपालखात्याने ‘नवे बर्लिन’ या मालिकेत त्यास स्थान दिले. लोकांचा हट्ट येथे वास्तुशिल्प्याच्या बुद्धीपेक्षा सरस ठरला असे आमचे मत आहे.

ब्रिटनने १९६९ साली सहा कॅथीड्रलांची तिकिटे काढली. त्यांत कँटरबरी, डरहॅम, यॉर्क अशा पुराण वास्तूंच्या पंक्तीत लिव्हरपूलचे अवघे दोन वर्षांचे कॅथीड्रल बसविले. पुढे त्याचे छप्पर गळू लागले व प्रकरण कोर्टापर्यंत गेले. तिकिटावर अर्थातच गळती दिसत नाही! ब्राझिलियाचे ऑस्कर निमायर यांचे, सोळा वाकड्या खांबांचे कॅथीड्रल चित्रकार्डावर अतिशय देखणे दिसते. पण अंधाऱ्या भुयारातून एकदम लख्ख प्रकाशात प्रवेश करण्याचा जो अनुभव तेथे योजला आहे, तो कार्डात कोठून येणार?

याच कारणास्तव वाचकांनी एक चर्च तरी प्रत्यक्ष पाहावे. ते दूर नाही. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ आपल्यापैकी अनेकांनी सिद्धिविनायकास जाताना बाहेरून पाहिले असेल. मूळ स्थापना १५९६ सालची; आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ या काळातील. साबरमतीचे गांधी संग्रहालयही त्यांचेच. त्यांनी ख्रिस्तचरित्राचे तीन भाग कल्पिले: बाप्तिस्मा, उपदेश, आणि मृत्यू व पुनरुत्थान. त्यांप्रमाणे जागा वेगवेगळ्या करून त्यांवर काँक्रीटची निमुळती कवचे चढविली, आणि मधे उघडी अंगणे सोडली. कवचाच्या माथ्यातून उजेड व हवा यावी, गरम हवा वर निघून जावी, ही योजना. मुंबईच्या दमट उकाड्यात ती किती शहाणपणाची आहे हे आत पाच मिनिटे बसल्यावर कळते. चौकाचौकांतून चालत जाण्याची ही रीत वाड्यात वाढलेल्या माणसाला परकी वाटणार नाही. साबरमतीलाही तीच आहे.

दादर स्थानकावर पत्ता विचारताना मात्र ‘पोर्तुगीज चर्च’ असेच म्हणावे. ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’ हे खरे नाव घेतल्यास सांगणारा बहुधा डोके खाजवील.