दुखणं हृदयाचं, झळ आतड्यांना
दर १०० नवजात बाळांमागे साधारण एकाला जन्मतःच हृदयदोष असतो. सगळ्यांचं लक्ष छातीकडे, पण पोटातही बरंच घडत असतं. हृदय कमी पडलं की शरीर आधी मेंदूला सांभाळतं; आतड्यांच्या वाट्याला रक्त आणि ऑक्सिजन कमी येतो. त्यात अँटिबायोटिक्स, उपाशी ठेवणं, हार्ट-लंग मशीनवरची शस्त्रक्रिया! मग बिफिडोबॅक्टेरियासारखे उपकारक जिवाणू घटू शकतात, आतड्याचं अस्तर कमकुवत होतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते आईचं दूध. त्यातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत, त्यांवर पोसतात ते हे जिवाणू! प्रोबायोटिक्सवर, म्हणजे बाहेरून दिल्या जाणाऱ्या उपकारक जिवाणूंवर, संशोधन चालू आहे, पण २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अकाली जन्मलेल्या बाळांना ती देण्याबाबत इशारा दिला होता. तेव्हा हृदयदोष असलेल्या बाळालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिकचे थेंब देऊ नका.