अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते माउंट आयझा : अंतर आणि उड्डाणकाल

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील दोन गावांमधील ‘अंतर’ किती, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आणि खाणींमुळे वसलेले माउंट आयझा यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

या दोन स्थानांच्या अक्षांशांत सुमारे ३ अंशांचा, तर रेखांशांत ५·६ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटर भरतो. रेखांशाचा मात्र या पट्ट्यात सुमारे १०३ किलोमीटरच. त्यानुसार उत्तर-दक्षिण अंतर ३३० व पूर्व-पश्चिम अंतर ५७७ किलोमीटर येते, आणि कर्ण सुमारे ६६५ किलोमीटरांचा होतो. इतक्या अंतरात पृथ्वीच्या वक्रतेमुळे पडणारा फरक नगण्य होय.

डांबरी रस्त्याने हेच अंतर सुमारे ११७० किलोमीटर आहे. या तफावतीचे कारण भूरचनेपेक्षा इतिहासात अधिक आढळते. उत्तर-दक्षिण मार्ग १८७२ मध्ये पुऱ्या झालेल्या तारायंत्राच्या ओळीच्या अनुरोधाने वाढला. पूर्वेकडील रस्ता दुसऱ्या महायुद्धात, माउंट आयझाच्या रेल्वेस्थानकावर उतरलेली लष्करी सामग्री त्या मार्गापर्यंत नेण्यासाठी बांधला गेला. दोन्ही रस्ते टेनंट क्रीकच्या उत्तरेस मिळतात. त्यामुळे ईशान्येकडील प्रवाशालाही प्रथम पाचशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस जाऊन मग काटकोनात वळावे लागते. दक्षिणेकडून बूलियामार्गे जाणारी वाट आहे. परंतु तिचा बराच भाग कच्चा असून पावसात ती बंद पडते.

विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरल्यास उड्डाणास ८० मिनिटे लागतात. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आल्यास ती ८९ होतात, पाठीमागून आल्यास ७३. जाताना गमावलेले येताना सर्वस्वी परत मिळत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. चढण, उतरण व धावपट्टीवरील हालचाल यांसाठी आणखी १५ मिनिटे धरणे इष्ट.

येथे घड्याळही फसवते. क्वीन्सलंडची वेळ नॉर्दर्न टेरिटरीच्या अर्धा तास पुढे आहे. ९ वाजता अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सोडलेले विमान ९५ मिनिटांनी पोहोचते, तेव्हा माउंट आयझात ११ वाजून ५ मिनिटे झालेली असतात. दुपारी १२ वाजता परत निघाल्यास ते १ वाजून ५ मिनिटांनीच उतरते. सर्वत्र एकच प्रमाणवेळ पाळणाऱ्या भारतीय वाचकास वेळापत्रकातील ही विषमता प्रथमदर्शनी छापण्यातील चूक वाटावी.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नाही. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून ज्युलिया क्रीकला डॉक्टर घेऊन पहिले विमान गेले, आणि त्यातूनच आजची ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर’ सेवा वाढली. या दोन्ही गावांत तिचे तळ आहेत. मधल्या पशुपालन-केंद्रावरील रुग्णाला कोणत्या तळावरून विमान धाडावे हे नकाशावरील रस्त्याने ठरत नाही. त्यासाठी सरळ अंतर, त्या दिवसाचा वारा आणि तेथील मातीची धावपट्टी उतरण्याजोगी आहे की नाही, हे पाहावे लागते.