पाखाडी कोणी विचारली?

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी लेखमाला : भाग ७

गेल्या आठवड्यात केसपेपर कसा वाचायचा ते पाहिलं. आज केसपेपरात सहसा न सापडणाऱ्या एका शब्दापासून सुरुवात करते : पाखाडी, म्हणजे घराकडे नेणारी दगडी पायऱ्यांची वाट.

समजा, रत्नागिरीजवळच्या एका वाडीतली सत्तरीची आजी ऐन पावसाळ्यात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. चार-पाच दिवसांनी ती वॉकर धरून वॉर्डाच्या गुळगुळीत फरशीवर वीस पावलं चालली. राउंडला सर्जन म्हणाले, "छान, उद्या घरी." आजीचं घर रस्त्यापासून साठ पायऱ्या खाली आहे, हे त्या खाटेभोवती उभ्या असलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. उंचसखल पाखाडीवर वॉकरचे चारही पाय एका वेळी टेकत नाहीत.

तसं पाहिलं तर काम कुणीच टाळलेलं नाही. सर्जननी हाड नीट जोडलं. आजीला पहाटे उठताना चक्कर येते, हे रात्रपाळीच्या सिस्टरना माहीत आहे. न्हाणीघर मागच्या पडवीच्या पलीकडे आहे, हे मुंबईहून धावत आलेल्या मुलाला माहीत आहे. फक्त हे सगळं एकमेकांच्या कानावर गेलेलं नाही. ते कानावर घालण्याची सर्वांत चांगली संधी तुम्हाला असते. तुम्ही रोज अर्धा तास त्या रुग्णाचा हात धरून उभे असता, आणि इतका सलग वेळ वॉर्डात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा : घरी पायऱ्या किती? कठडा आहे का? सोबत कोण?

वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या आराखड्यात म्हटलं आहे. यातलं 'एकमेकांविषयी' आपल्याकडे फार दुर्लक्षित राहतं. आपल्या जिल्ह्यात डेरवणला २०१५पासून आणि रत्नागिरीत २०२३पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्याचे डॉक्टर इथेच घडताहेत, परिचारिकाही घडताहेत. एका कँटीनमध्ये चहा घेतला म्हणजे एकत्र शिकणं झालं, असं मला वाटत नाही. सकाळी पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना रुग्णांची माहिती देतात, तेव्हा परवानगी घेऊन शेजारी उभे राहा. वेदनाशामक कधी दिलं हे तिथे कळतं, आणि त्यानुसार व्यायामाची वेळ पुढेमागे केली तर त्याच रुग्णाचा गुडघा किती सहज वाकतो, ते स्वतः पाहाल.

आपल्या क्षेत्राची मुळंही अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. पाठोपाठ त्याच दशकात त्याच शहरात फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. पोलिओ झालेल्या मुलाला पायात बळ हवं होतं, कॅलिपर हवं होतं, शाळेच्या बाकावर बसताही यायला हवं होतं. हे सगळं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आता बोलायचं कसं, ते पाहू, कारण विद्यार्थी इथेच कचरतात. "सर, पाय सुजलाय," एवढं पुरत नाही. असं सांगा : "सर, खाट क्रमांक सात. खुब्याच्या शस्त्रक्रियेचा सहावा दिवस. आज डावी पोटरी उजवीपेक्षा जास्त सुजली आहे, गरम लागते, दाबल्यावर दुखते. शिरेत गुठळी असेल अशी शंका आहे. मी व्यायाम थांबवलाय, आपण आत्ता पाहाल का?" कोण, काय झालेलं, काय दिसलं, काय हवं. असं बोलणाऱ्या विद्यार्थ्याला 'तू कोण?' असं सहसा कुणी विचारत नाही.

आजीच्या बाबतीतही तसंच : "सर, घरापर्यंत साठ पायऱ्या आहेत, कठडा नाही. या पायावर किती वजन टाकू द्यायचं?" ते सर्जननीच ठरवायचं. त्यांनी मुभा दिली, तर रुग्णालयाच्या जिन्यावर सराव घ्या : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. मुलाला शेजारी उभं करून आधार कसा द्यायचा ते शिकवा. गावच्या आशाताईंना आजी घरी येत असल्याचं कळवायला सांगा. आणि मुभा नसेल, तर त्या घरासाठी उत्तर डोली हेच. ते आदल्या दिवशी कळलं, तर वाडीतली चार माणसं जमवता येतात.