तर्जनीचे १४ टक्के

पॉवर प्रेसवरचं काम एका वाक्यात मावतं: पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पॅडल दाबायचं, तयार पार्ट काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. चाकण-भोसरीच्या लहान प्रेस शॉपमध्ये नजर खिळते ती ऑपरेटरच्या हातावर. हात डायमध्ये, पाय पॅडलवर; हात बाहेर आल्याशिवाय पाय दाबायचा नाही, हे भान पाळीभर प्रत्येक ठोक्याला शाबूत राहावं अशी अपेक्षा. एकदा चुकलं, तर हिशेब तयार आहे. नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत तर्जनी पूर्ण गेली की कमाईची क्षमता १४ टक्के घटते. अंगठ्याचे ३०.

अपघातानंतर ‘लक्ष नव्हतं’ हा शेरा ठरलेला. पण जुन्या पिन-क्लचच्या प्रेसमध्ये क्लच एकदा अडकला की फेरी पुरी झाल्याशिवाय ठोका थांबत नाही. क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली, तर पॅडल न दाबताही प्रेस ‘डबल मारते’. तिथे कामगाराचं लक्ष काय करणार? अशा प्रेसला प्रकाशाचा सेन्सर लावणं हाही निव्वळ देखावा. सेन्सरला हात दिसला तरी यंत्र मध्येच थांबू शकत नाही. हात आत जाऊच न देणारी जाळी हवी.

मालक म्हणतात, जाळी कामगारच काढून ठेवतो. पुष्कळदा खरं आहे, आणि संरक्षक साधनाशी मुद्दाम छेडछाड करायला कायद्याने त्यालाही मनाई आहे. पण जाळी लावून टार्गेट गाठता येत नसेल आणि सुपरवायझर ते बघून गप्प राहत असेल, तर जाळी नेमकी कोणी काढली? भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात ७-क हे कलम आलं. यंत्र सुरक्षित ठेवणं, शिकवणं, देखरेख करणं हे त्याने मालकावर टाकलं. लहान शॉपला परवडत नाही, ही सबबही लंगडी आहे. रोज पत्रा कापणाऱ्याला साधी जाळी बनवायला बाहेर जावं लागत नाही. बघायला आलेल्या पाहुण्याला मात्र हेल्मेट, पिवळी रेघ आणि सोबत माणूस मिळतो. ठेकेदाराच्या नव्या हेल्परला थेट प्रेस.

टार्गेटचं मूळ पार्टच्या दरात असतं. म्हणून हे पार्ट विकत घेणाऱ्या मोठ्या वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागांना सांगणं एवढंच: दर ठरवताना जाळी लावून जेवढे पार्ट निघतात, तेवढेच धरा.