हजार डॉलर आणि एक महिना

व्यापाराच्या पानावर खेळाची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. पण हा खेळ जमाखर्चाचाच आहे, आणि त्यात तोटा आला की माणूस रस्त्यावर येतो. म्हणून तो आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम नावाचे शहर आहे. एकेकाळी ते तंबाखूच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथे 'अर्बन मिनिस्ट्रीज ऑफ डरहॅम' ही संस्था बेघरांना निवारा, अन्न आणि कपडे पुरवते. तिच्यासाठी मॅकिनी या जाहिरात कंपनीने २०११ साली संगणकावरचा एक खेळ तयार केला. नाव 'स्पेंट', म्हणजे खर्चून संपलेला.

खेळणाऱ्याने असे धरून चालायचे की आपली नोकरी गेली आहे, घर गेले आहे, पदरी एक मूल आहे आणि गाठीला शेवटचे १००० डॉलर आहेत. एवढ्यात महिना काढायचा. प्रथम काम शोधायचे. हॉटेलात वाढपी व्हा, गोदामात हमाली करा, नाहीतर टायपिंग करा. मग भाड्याची जागा. कामाजवळ घेतली तर भाडे जास्त, लांब घेतली तर भाडे कमी पण जाण्यायेण्याचा खर्च जास्त. आपल्यापैकी ज्यांनी कल्याण-मुंब्र्याहून रोज मुंबई गाठली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

पुढे रोज एक नवा खर्च दारात उभा. दाढ दुखते, उपचार करायचे की सोसायचे? मुलाला मित्राच्या वाढदिवसाचे बोलावणे आहे, भेट घ्यायची की त्याला घरी बसवायचे? प्रत्येक उत्तराबरोबर शिल्लक खाली येते. एखाद्याने काटकसरीने महिना पार पाडलाच, तर शेवटी खेळ त्याला आठवण करून देतो की आता पुढचे भाडे भरायचे आहे.

येथवर खेळ उत्तम. पण येल विद्यापीठातील जीना रुसोस आणि जॉन डोविडिओ या संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. खेळल्यामुळे गरिबांविषयी आपुलकी वाढल्याचे त्यांना आढळले नाही. काही खेळणाऱ्यांच्या बाबतीत तर उलटाच परिणाम दिसला. कारण खेळात प्रत्येक निर्णय खेळणाऱ्याच्या हाती असतो. त्यामुळे गरिबीतून निघणे ज्याच्या त्याच्या हाती आहे, असे त्याला वाटू लागते.

व्यापारी माणसाने येथे थोडे थांबावे. हा समज आपल्यातही आहे. स्वतःच्या हिमतीवर दुकान उभे केलेला माणूस फळीवर झोपलेल्याला पाहून चटकन म्हणतो, "हातपाय धड आहेत, काम का करीत नाही?" पण गल्ल्यावर बसून निर्णय घेणे वेगळे आणि निर्णयाला जागाच न उरणे वेगळे.

मुंबईत मदनपुरा, धारावीतील कितीतरी कारखान्यांत कारागीर जेथे काम करतात तेथेच झोपतात. काम सुटले की त्याच दिवशी छप्परही सुटते. पत्ता गेला की नवे काम मिळणे कठीण, आणि काम नसताना खोली कोण देणार?

ज्यांच्या हाताखाली असे कारागीर आहेत त्यांना आमचे दोन शब्दांचे सांगणे आहे. हंगाम मंदावला तर महिनाभर आधी कल्पना द्या, आणि हिशेब चुकता झाल्यावरही नवी जागा मिळेपर्यंत काही दिवस झोपायची जागा राहू द्या. मालकाला यात फारसा खर्च नाही. कारागिराला मात्र तेवढ्या दिवसांत दुसरे काम शोधता येईल.

खेळात हरलेला माणूस पुन्हा १००० डॉलर घेऊन बसू शकतो. फुटपाथवर आलेल्याला तसे करता येत नाही.