नऊ वर्षे कुलूप लावलेला धंदा

धंद्यात खोट आली की दुकान बंद पडते, हे आपण नेहमी पाहतो. पण गिऱ्हाईक दारात उभे आहे, मालाला भाव आहे, आणि तरीही मालकांनीच एकत्र बसून दुकानाला कुलूप लावले आणि ते नऊ वर्षांनी उघडले, अशी उदाहरणे फार थोडी. त्यातले एक अमेरिकेच्या उत्तरेस, मिनेसोटा राज्यातल्या रेड लेक नावाच्या सरोवराचे आहे. तिथला माल मासळीचा आणि आमचा धंदा कापडाचा. तरी मुद्दल, व्याज आणि वहीखात्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे ही हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी मालाची ओळख. मासळीचे नाव वॉलआय. आपल्या बाजारात ती येत नाही. थंड, गोड्या पाण्यातली, पांढऱ्या मांसाची आणि कमी वासाची ही मासळी अमेरिका व कॅनडाच्या उत्तर भागात पापलेटासारखी मानाची समजली जाते. मिनेसोटाने १९६५ साली तिला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. तिच्या डोळ्याच्या आत चकाकणारा थर असतो, रात्री मांजराचे डोळे चमकतात तसा. त्यामुळे तिला अंधुक प्रकाशात चांगले दिसते आणि ती दिवेलागणीला, पहाटे किंवा वाऱ्याने पाणी गढूळ झाले असताना शिकार करते. गळाने धरणारा माणूस हे ओळखूनच निघतो. शिसाचा लहान गोळा असलेला गळ, त्याला बारीक मासा, जळू किंवा गांडूळ लावायचे आणि होडी वाऱ्यावर सोडून गळ तळाशी हळूहळू फिरवायचा. भर दुपारी, स्वच्छ उन्हात बसलेला नवखा बहुधा रिकाम्या हाताने परततो.

हिवाळ्यात सरोवर गोठते. मग बर्फाला भोक पाडून, वर लाकडी खोपटे उभारून, आत शेगडी पेटवून मासे धरतात. चार इंच पक्के बर्फ असेल तर माणसाने पायी जावे, असे तिथले सरकारी खाते सांगते. मोटारीसाठी त्याहून पुष्कळ जाड बर्फ लागते. तरी घाई करणारे असतातच. डिसेंबर २०२३ मध्ये बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून जास्त माणसे त्यावर अडकली. त्यांना सोडवून आणावे लागले.

रेड लेक म्हणजे एका अरुंद वाटेने जोडलेली वरचे आणि खालचे अशी दोन सरोवरे. एकूण पाणी सुमारे २ लाख ८८ हजार एकर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. सरोवराचा मालक कोण, हे इथे महत्त्वाचे आहे. खालचे सगळे सरोवर आणि वरच्याचा मोठा भाग रेड लेकच्या ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीच्या मालकीचा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आजूबाजूची बरीच जमीन गमावली, पण उरलेल्या जमिनीचे माणशी तुकडे पाडून वाटप होऊ दिले नाही. ती सामाईक ठेवली. वरच्या सरोवराचा पूर्वेकडचा सुमारे ४८ हजार एकरांचा हिस्सा राज्य सरकारकडे. म्हणजे भागीदार दोन, मासळी एक, आणि मासळीला हद्द समजत नाही.

पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा, १९१७ साली, इथे विक्रीसाठी जाळ्याने मासेमारी सुरू झाली. ती प्रथम राज्य सरकार चालवीत असे. १९२९ साली जमातीच्या मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. सभासदांनी मासळी आणून घालायची, संस्थेने ती साफ करून विकायची, असा तो व्यवहार होता. जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे करतात. मासा डोके घालतो आणि कल्ल्यात अडकतो. जाळ्याचा आस जेवढा, तेवढ्याच मापाचा मासा अडकतो. बारका निसटतो, फार मोठ्याचे डोके आत शिरत नाही.

इथे सुताचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. पूर्वी ही जाळी सुती किंवा तागाच्या धाग्याची असत. ती पाण्यात कुजत, वरचेवर वाळवावी लागत आणि माशाला दिसतही. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. धागा बारीक, मजबूत, न कुजणारा, पाण्यात न दिसणारा. उत्तरेकडच्या सरोवरांवर तेवढ्याच लांबीच्या नायलॉन जाळ्यात सुती जाळ्याहून कितीतरी जास्त मासळी येऊ लागली. माणसे तीच आणि होड्या त्याच, पण पाण्यातून होणारी उचल वाढली. यंत्रमागावर नवे सूत आले की उत्पादनाचा जुना अंदाज चुकतो, हे आम्ही पाहिलेले आहे. तिथे सूत बदलल्याने सरोवराचा हिशेब चुकला.

पण खरा घात सुताने केला नाही. तो वहीने केला. वर्षाला किती पौंड मासळी धरायची याची मर्यादा होती. मात्र संस्थेच्या काट्यावर न येता परभारे विकली जाणारी मासळीही पुष्कळ होती. रोख पैसा, पावती नाही. दोन नंबरचा माल म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. राज्याच्या हद्दीतही गळवाल्यांचा उपसा चालूच होता. त्यामुळे कागदावरची मर्यादा पाळली गेली तरी सरोवरातून त्याहून बरेच जास्त बाहेर जात होते. ज्याने परभारे विकली त्याला दोष देणे सोपे आहे. पण हाताला दुसरे काम कमी असलेल्या भागात, रोकड घेऊन दारात आलेल्या दलालाला नाही म्हणणे कठीण असते, हेही आम्ही जाणून आहोत.

मग धोक्याची घंटा वेळेवर का वाजली नाही? या मासळीची पैदास दरवर्षी सारखी होत नाही. बर्फ वितळल्यावर मादी खडकाळ तळावर हजारो, कधी लाखावर अंडी टाकून निघून जाते. जगणारी पिल्ले त्यातली मोजकी. वाऱ्या-थंडीचा मेळ बसला तर एखादे साल भरघोस जाते, नाहीतर दोन-तीन साले रिकामी जातात. एका भरघोस सालाची मासळी बरीच वर्षे जाळी भरत राहते आणि मागचे गोदाम रिकामे आहे हे कळत नाही. त्यातच वॉलआय थव्याने राहते. एकूण संख्या घटली तरी थवा सापडला की जाळे भरते. शिवाय मादीला अंडी देण्याजोगी व्हायला चार-पाच वर्षे लागतात. ती त्याआधीच धरली तर व्याजाची वाट न पाहता मुद्दलच खर्चास काढल्यासारखे होते. १९९० नंतर रेड लेकमध्ये हेच झाले. मोठी मादी दिसेनाशी झाली आणि जाळ्यात येऊ लागली ती कोवळी मासळी.

१९९७ साली मच्छीमारांनी स्वतःच विक्रीची मासेमारी थांबवली. पुढच्या वर्षी घरच्या जेवणापुरती मासळी धरणेही बंद केले. आम्हांला हा निर्णय पहिल्यापेक्षा जड वाटतो. विक्री बंद केली तर पैसा जातो. पण ज्यांच्या ताटात पिढ्यानपिढ्या हीच मासळी होती, त्यांनी काठावर राहून ती धरायची नाही, याला काय म्हणावे? १९९९ साली राज्यानेही आपला हिस्सा बंद केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जमात, राज्य सरकार आणि केंद्राचे आदिवासी खाते यांनी करारावर सह्या केल्या. हे पक्षकार पूर्वी एकमेकांकडे संशयानेच पाहत होते. करार असा: मासेमारी बंद, बंदी मोडणाऱ्यावर कारवाई, मत्स्यजिरे सोडणे आणि दोघांनी मिळून मोजणी करणे. मोजणी एकत्र ठेवल्यामुळे, आकडा तुमचा की आमचा, हा वादच उरला नाही.

१९९९, २००१ आणि २००३ अशा तीन खेपांत मिळून सुमारे दहा कोटी मत्स्यजिरे सोडले. ते सोडण्यापूर्वी औषधाच्या पाण्यात ठेवीत. त्याची खूण माशाच्या कानातल्या हाडावर राहते. पुढे मासा मोठा होऊन हाती आला की तो सोडलेला की सरोवरातच जन्मलेला, हे ओळखता येते. आमच्या थानावर शिक्का असतो, तसाच हा प्रकार. मधल्या काळात एक गंमत झाली. वॉलआय हटताच क्रॅपी नावाचा दुसरा मासा अफाट वाढला आणि तो धरायला हिवाळ्यात बर्फावर हजारो लोक लोटले. काठावरच्या हॉटेलवाल्यांना त्याने काही वर्षे तारले. वॉलआय परतल्यावर तो पुन्हा मागे पडला.

२००६ साली कुलूप निघाले, पण दरवाजा अर्धाच उघडला. राज्याच्या हिश्श्यात माणशी फक्त दोन मासे, आणि १७ ते २६ इंचांच्या मधला मासा गळाला लागला तर परत सोडायचा. अंडी देणाऱ्या माद्या बहुतेक त्याच मापाच्या असतात. उपसा एकरी बांधला. सुरुवातीच्या वर्षांत तो जास्तीत जास्त एकरी साडेतीन पौंड होता, म्हणजे राज्याच्या ४८ हजार एकरांना १ लाख ६८ हजार पौंड. आकडा जवळ आला की नियम आवळायचे, मासळी वाढली की सैल करायचे. जमातीने सुरुवातीला आपल्या माणसांकडून गळाने धरलेली मासळीच विकत घेतली. जाळी नंतर आली, तीही मर्यादेत.

बाजारात मात्र नवी अडचण उभी होती. मिनेसोटाच्या हॉटेलांत मिळणारी बहुतेक वॉलआय कॅनडातून येते, आणि तिच्यासारखाच दिसणारा युरोपचा झँडर तिच्या नावाने खपवला जात होता. २००४ साली एका टीव्ही वाहिनीने हॉटेलांतल्या थाळ्यांची तपासणी करून घेतली, तेव्हा कित्येक ठिकाणी वॉलआय म्हणून झँडर वाढला जात असल्याचे निघाले. खाणाऱ्याला फरक कळत नाही; टेरिकॉट आणि शुद्ध सुतीतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणारे तरी किती? तेव्हा रेड लेकवाल्यांनी आपला माल दलालाच्या ढिगात मिसळू न देता, रेडबी गावातल्या आपल्या कारखान्यात साफ करून, सरोवराच्या नावानेच विकायला काढला. कोणत्या पाण्यातली मासळी आणि कोणी धरली, ते पुड्यावरच कळते. पूर्वी ज्या काट्याला चुकवून मासळी परभारे जात असे, आज त्या काट्यावरची नोंदच त्यांच्या मालाची ओळख झाली आहे.